चौथ्या खोलीचा भार

१४ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. खोल्या चार, तापमापक चार, घरात माणसे शून्य.

ही मोजणी मनाशी पक्की करून मास्तरांनी तेलावर चालणारी जुनी शेगडी बंद केली, दाराला कुलूप लावले आणि ते भाच्याच्या घरी मुक्कामाला गेले. त्यांच्याच घरात राहणाऱ्या थोरल्या बहीण आक्का, म्हणजे भाच्याची आई, तिथे आदल्या दिवशीच पोहोचल्या होत्या. त्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. घर चार दिवस रिकामे राहणार होते आणि अशी संधी मास्तरांसारख्या माणसाने वाया घालवणे शक्यच नव्हते.

शेगडीने आता हात टेकले होते. हिवाळ्यापूर्वी तिच्या जागी हीट पंप बसवायचा, हे ठरले होते. बाहेर एकच मोठे युनिट, त्यातून निघणाऱ्या नळ्यांच्या जोड्या भिंतीतून थेट खोल्यांत, आणि प्रत्येक खोलीत आपापले छोटे युनिट. ज्या खोलीला जेवढी ऊब हवी तेवढीच तिथे द्यायची. वाद होता तो खोल्या किती जोडायच्या आणि यंत्र किती ताकदीचे घ्यायचे, याचा. दुकानदार फरशीचे क्षेत्रफळ विचारून मोकळे होतात आणि वर दीडपट मोठे यंत्र गळ्यात मारतात. असे यंत्र मग दर दहा मिनिटांनी चालू-बंद होत राहते आणि लवकर खिळखिळे होते. मास्तरांनी उभी हयात तंत्रनिकेतनात शीतयंत्रे शिकवण्यात घालवली होती. त्यांची पद्धत वेगळी होती. सगळे घर सारखे तापवायचे, मग शेगडी बंद करून कोणती खोली किती वेगाने निवते ते पाहायचे. खोलीतून जेवढी उष्णता गळते, तेवढीच तिची गरज.

खरी टांगती तलवार मात्र भाच्याच्या बोलण्यात होती.

“मामा, स्पष्ट सांगतो,” ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून तो म्हणाला होता, “आईची खोली या हिवाळ्यात अठरा अंशांच्या खाली गेली, तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार. गेल्या वर्षीचा न्यूमोनिया विसरलात?”

“विसरलो नाही.”

“खोली बदल म्हटलं तर ऐकत नाही. म्हणे, पाहुण्यांना एकटं कसं सोडू! कोण पाहुणे? खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते ती. मला तर काळजीने झोप लागत नाही, आणि तुम्ही सूत्रं मांडताय.”

भाच्याला मास्तर प्रेमाने ‘साहेब’ म्हणत, पण त्या दिवशी तो शब्द तोंडात आला नाही.

घरी परतल्यावर त्यांनी अंगातला कोटही न काढता चारही तापमापक पाहिले. बाहेर सहा अंश होते. बैठक, स्वयंपाकघर आणि त्यांची स्वतःची झोपण्याची खोली आज्ञाधारक विद्यार्थ्यांसारखी निवत निवत नऊवर आली होती. आक्कांची खोली तेरावर येऊन थांबली होती. हळूहळू थांबली होती असेही नाही. तेरावर आली आणि तिथेच बसून राहिली.

तापमापक बिघडला असेल, म्हणून त्यांनी चारही तापमापकांची अदलाबदल केली. आकडे खोल्यांबरोबरच राहिले. मग त्यांनी खोलीचा कानाकोपरा तपासला. विजेचा कुठला दिवा चालू राहिला नव्हता. धुराडे दुसऱ्या टोकाला होते. खिडकी उत्तरेची, तिच्यातून ऊन येण्याचा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्याची भिंत कुठे लागून नव्हती. शेवटी एकेक कारण खोडत ते टेबलाशी बसले आणि त्या खोलीला कुठून तरी मिळणारी उष्णता किती असेल, याचा हिशेब त्यांनी केला. उत्तर आले शंभर वॅट, थोडे इकडे-तिकडे.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. हा आकडा ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते. सभागृह थंड ठेवायचे यंत्र निवडताना प्रेक्षकांची उष्णता धरावी लागते, आणि ती धरण्याचे माप ठरलेले असते. शांत बसलेले एक मोठे माणूस: शंभर वॅट.

त्या दुपारी ते आक्कांच्या खोलीकडे पुन्हा गेले, पण दारात थबकले. मग, स्वतःच्याच घरात, रिकाम्या खोलीच्या दारावर त्यांनी टकटक केले. आतून काहीच ऐकू आले नाही. तरी आत शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीला वळसा घालून ते पलंगाच्या कडेवर बसले. खोलीत कसलाही वास नव्हता, सावली नव्हती, पडदा हलत नव्हता. फक्त डाव्या गालाला, खुर्चीच्या बाजूच्या, किंचित ऊब लागत होती. भरलेल्या बाकावर शेजारच्याची लागते तशी. मास्तरांना उठून पळावे असे वाटले, पण पळणे उद्धटपणाचे दिसले असते. ते थोडा वेळ बसले आणि “येतो,” म्हणून उठले.

आक्का परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि जीभ नेहमीपेक्षा धारदार झाली होती.

“काय रे, माझ्या खोलीत जाऊन आलास ना?”

“तुला कसं कळलं?”

“पलंगाची चादर बघ. तू बसलास की खड्डा पडतो.”

मास्तरांनी घसा साफ केला. “आक्का, ते पाहुणे. कधीपासून आहेत?”

आक्कांनी एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिले. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी चेष्टा न करता विचारला नव्हता.

“मी तापाने फणफणले होते तेव्हा आले. दात वाजत होते माझे. डोळे उघडले तर खुर्चीत बसलेले. बोलत नाहीत फारसं. पण बसले की बरं वाटतं.”

“नाव काय त्यांचं?”

“घरी आलेल्या माणसाला नाव विचारायचं? तुला शिकवलंय काय मी लहानपणी!”

“बरं. तुझ्या खोलीत यंत्र बसवलं तर चालेल त्यांना?”

पदराचे टोक बोटाला गुंडाळत आक्का हळू आवाजात म्हणाल्या, “मानी माणूस आहे रे. यंत्र आलं की म्हणेल, आता आपलं काय काम. उठून जाईल. मग मी कुणाशी बोलू? तू तर तापमापकाशी बोलतोस.”

पुढचे काही दिवस मास्तरांनी एकच गणित अनेक वाटांनी सोडवून पाहिले. बाजूच्या खोल्या तापल्या की आक्कांच्या खोलीची गरज बरीच कमी होत होती. तिची एकच भिंत बाहेरच्या अंगाला होती. आक्कांच्या देहाची ऊब धरली, दार उघडे धरले, तरी कडाक्याच्या थंडीत खोली पंधरावर येत होती. त्यात पाहुणे धरले की अठराच्या जरा वर. पाहुण्यांवर विसंबावे आणि जानेवारीत ते उठून गेले, तर आक्का वृद्धाश्रमात. यंत्र बसवावे आणि पाहुणे त्याच दिवशी गेले, तर आक्का घरात राहतील, पण कुणासाठी राहतील? न्यूमोनियानंतर ज्या बाईने भिंतीकडे तोंड फिरवले होते, ती त्या खुर्चीमुळेच उठून बसली होती. एवढे मास्तरांना कोणत्याही उपकरणाशिवाय दिसले होते.

फिटर आला तो नेहमीसारखा मोठ्या आवाजात. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. पन्नाशी उलटली तरी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राही.

“चार खोल्या, चार इनडोअर. यात विचार कसला, सर?”

“तू दोनदा नापास का झालास, ते आत्ता आठवलं.”

“तिसऱ्यांदा तुम्हीच पास केलंत,” तो हसला. “बरं, तुम्ही सांगा.”

“बाहेरचं युनिट चार जोडण्यांचं. आतली तीन. बैठक, स्वयंपाकघर, माझी खोली. चौथ्या जोडणीची नळी आक्कांच्या भिंतीतून आतपर्यंत न्यायची, वीजही न्यायची, आणि दोन्ही टोकं बंद करून ठेवायची.”

“म्हणजे ताट वाढायचं आणि जेवायला कुणाला बसवायचं नाही?”

“लागलं तर एका दिवसात चौथं टांगता आलं पाहिजे.”

“आणि आज का नाही टांगायचं?”

“कारण आज त्या खोलीला गरज नाही,” मास्तर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हे वाक्य अचूक होते.

फिटरने खांदे उडवले आणि तो बाहेरून भिंतीला भोक पाडायला गेला. ड्रिलचा आवाज सुरू झाला, वाढला आणि मध्येच तुटला. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याच्या केसांवर चुन्याची धूळ होती आणि चेहराही त्याच रंगाचा झाला होता.

“आक्कांच्या खोलीत कोण आहे, सर?”

आक्का समोरच बसल्या होत्या, शेंगा सोलत.

“कोणी नाही,” मास्तर म्हणाले.

“मग ‘जरा सावकाश’ कोण म्हणालं?”

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“आवाज कसा होता?”

“कसा म्हणजे? दमलेल्या माणसाचा. रागावलेला नव्हता.”

“मग सावकाश कर,” मास्तर म्हणाले.

उरलेले काम फिटरने ड्रिलचा वेग कमी करून, दर थोड्या वेळाने थांबत केले. खोलीच्या आत मात्र त्याने एकट्याने पाऊल टाकले नाही. नळीची टोके बंद करताना मास्तर शेजारी उभे होते आणि दोघेही विनाकारण हळू आवाजात बोलत होते.

त्या वर्षातली सर्वांत कडक थंडी जानेवारीच्या मध्यावर पडली, आणि नेमक्या त्याच सकाळी भाचा आला. त्याने बूट काढेपर्यंत बाहेरच्या युनिटवर बर्फ साठला आणि तो वितळवण्यासाठी यंत्राने आतला वारा बंद केला.

“झालं! बंद पडलं!”

“बंद नाही पडलं, साहेब. अंगावरचा बर्फ झटकतंय. पाच-दहा मिनिटं लागतात.”

स्वतःचा तापमापक घेऊन भाचा तडक आईच्या खोलीत गेला आणि चारही भिंतींवरून त्याची नजर फिरली. एका भिंतीतून नळीची दोन बंद टोके तेवढी बाहेर आली होती.

“इथे यंत्रच नाही! मामा, कमाल आहे तुमची. सगळीकडे यंत्रं, आणि जिच्यासाठी खटाटोप तिलाच ठेंगा?”

“अरे, ओरडू नकोस,” पलंगावरून आक्का म्हणाल्या. “आणि तिथे बसू नको. बसलेत ते.”

“कोणी बसलेलं नाही, आई,” असे म्हणून भाचा खुर्चीत बसला.

पुढच्याच क्षणी तो उठला. वळून त्याने खुर्चीच्या बैठकीवर तळहात टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मास्तर दारातच उभे होते.

“मामा,” अगदी लहानपणीच्या आवाजात त्याने विचारले, “खुर्चीवर ऊन पडलं होतं का?”

“खिडकी उत्तरेची आहे.”

आक्का खुर्चीकडे पाहून दिलगिरीने हसल्या. “माझाच मुलगा. मनाने चांगला आहे.”

भाचा तापमापक धरून खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. आकडा त्याने पुन्हा पुन्हा वाचला. वाचून झाल्यावर त्याने तापमापक खिशात घातला, आईच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले आणि दुसरी खुर्ची बैठकीतून स्वतः उचलून आणली. ती त्याने खिडकीपासून जरा अंतर राखून ठेवली आणि अंग चोरून तीत बसला.

“मार्चपर्यंत बघू,” तो मास्तरांना म्हणाला. “तोवर आश्रमाचं बोलत नाही.”

मार्च संपला. चौथी जोडणी बंदच राहिली आणि आक्का आपल्याच खोलीत राहिल्या. त्या हिवाळ्यातले त्या खोलीचे सर्वांत कमी तापमान: अठरा पूर्णांक चार दशांश अंश.