मामांचं कुणी विचारलं नाही

न्हाव्याचा नातू पहिलीत बसला, त्या वर्षीची ही गोष्ट. थेंबबाबा नावाच्या मांत्रिकाने बाजारामागची रिकामी वखार घेतली होती आणि रांग पार सायकलच्या दुकानापर्यंत गेली होती.

आत थेंबबाबा एकेकाला जीभ काढायला लावायचा, टोकाला पातं टोचायचा, वर पांढरी पूड दाबायचा आणि रक्त थांबायचं. "जीभ खोटं बोलते, जिभेचं रक्त बोलत नाही," तो म्हणायचा. "घराणं स्वच्छ असेल तर माझ्या मंत्राला थांबेल, दुखणंही जाईल." मंत्र भलता लांबलचक. तो संपेपर्यंत बोट दाबलेलंच.

नातवाचे गुडघे वरचेवर सुजायचे. जरा कुठे आपटला की अंगावर निळे डाग. जावयाने सात पिढ्यांची नावं कागदावर लिहून आणली होती. सगळी बापाच्या बाजूची, कारण घराणं म्हणजे तेच.

"आमच्यात कुणालाच असलं काही नाही. म्हणजे हमखास बरा होणार," जावई म्हणाला. "अण्णा, तुमच्याकडेही नव्हतं ना?"

न्हाव्याला सगळे अण्णाच म्हणत. "छे," अण्णा म्हणाला.

त्याचे दोन मुलगे गेले होते. थोरला दात पडल्यावर, धाकटा पायरीवरून घसरून. दोघांचंही रक्त थांबलं नव्हतं. लेकीची सोयरीक जमवताना त्याने दोघं तापाने गेले असं सांगितलं होतं. बायकोनेही तोंड उघडलं नाही.

"आधी मोठ्या माणसाने यावं," आतून हाक आली. अण्णा पुढे झाला. पातं टोचलं, पूड बसली आणि तोंड आवळून आलं. तुरटी. तीस वर्षं तो गिऱ्हाइकांच्या गालांवर हीच फिरवत होता. वस्तरा लागला की तुरटी आणि थोडा दाब. कुणाचंही थांबतं, चोराचंसुद्धा.

त्याने वळून पाहिलं. डोळे गच्च मिटून नातवाने जीभ काढलीच होती. 'थांबा' म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. जावयाच्या आईसमोर, भावांसमोर. अण्णा शब्द जुळवत राहिला. तेवढ्यात पातं फिरलं.

रक्त थांबलं. जावयाने पोराला खांद्यावर घेतलं. "बघा अण्णा, तुम्हीच उगाच घाबरला होता." अण्णालाही वाटलं, सुटलो.

सकाळी उशी लाल होती. पोर सारखं काहीतरी गिळत होतं. थेंबबाबाचा निरोप आला: दोष बाहेर पडतोय, अडवू नका. कुणी अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी पोराचे ओठ कागदासारखे झाले आणि शी डांबरासारखी. तेव्हा अण्णाने जावयासमोर सगळं ओकून टाकलं, पोराला उचललं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "याचे मामा?"

"दोन होते," अण्णा म्हणाला.

"सात पिढ्या लिहून आणल्यात," म्हणत जावयाने कागद पुढे केला. बाईंनी तो पाहिलासुद्धा नाही.

"रक्त घट्ट गोठवायची कृती शरीरात लिहिलेली असते. बाईकडे दोनदा. एक चुकली तरी दुसरी काम करते, म्हणून तुमची बायको ठणठणीत. मुलग्याकडे एकदाच, आणि तीही आईकडून आलेली. आईकडून चुकलेली आली, की हे असं. दोनातली कुठली मुलाकडे जाईल ते तिच्या हातात नसतं. नाणं उडवल्यासारखं आहे."

"आणि बापाकडून?"

"ही कृती मुलग्याला बापाकडून मिळतच नाही. सात पिढ्या लिहा नाहीतर सत्तर."

"पण तिथे थांबलं होतं की."

"असल्या मुलांचंही आधी थांबल्यासारखं वाटतं. टिकत नाही. त्याच दिवशी आणायला हवं होतं. आता औषध दुसऱ्या शहरातून यायचंय."

पुढच्या आठवड्यात रांग होतीच. अण्णा तिच्या तोंडाशी उभा राहिला, वस्तऱ्याने स्वतःचा अंगठा चिरला, तुरटीचा खडा दाबून धरला आणि मग अंगठा सगळ्यांना दाखवला.

"मंत्र लागत नाही," तो म्हणाला. "जरा आपटलं की पोराच्या अंगावर निळे डाग पडत असतील, तर त्याचे मामा कसे गेले ते विचारा आणि सरळ डॉक्टरकडे न्या. कुणाकडे झालं असेल तर लपवू नका. यात कुणाचं पाप नसतं. पाप लपवण्यात आहे, ते मी केलं."

"श्रद्धा कमी पडली असेल," रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

एका बाईने कडेवरचं पोर सावरलं. "तुमचं कोण गेलं हो?"

"थोरला मुलगा, आठव्या वर्षी. धाकटा, चौथ्या. आणि नातू, सहा वर्षं दोन महिन्यांचा. गेल्या गुरुवारी, सकाळी पावणेअकराला."