पुण्याने फुगलेली बांगडी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर बरकतबाबा एका बाईची सोन्याची बांगडी तराजूत टाकत होते. तीन दिवसांपूर्वी सोपवलेली बांगडी आज परत मिळत होती, अंगानं चांगली जाडजूड होऊन. वजन मात्र तितकंच. "वजन वाढलं तर ते पाप," बाबा डोळे मिटून म्हणाले, "आकार वाढला तर पुण्य." याचा अर्थ विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण सगळी डोकी टेकवलेली होती.

मागच्या रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आत्याशेजारी बसून चरफडत होत्या. आई गेल्यावर आत्यानंच त्यांना वाढवलं होतं आणि आईच्या तीन-तीन तोळ्यांच्या दोन भरीव बांगड्या त्यांच्यासाठी जिवापाड जपल्या होत्या. त्यातली एक फुगून घरी आली होती. दुसरी उद्या द्यायची होती. सोनाराला तीन महिने दाखवू नका, बरकत उतरते, अशी बाबांची सक्त ताकीद होती. बाईंनी ती फुगलेली शाळेच्या तराजूवर तोलली होती, तर बरोबर पस्तीस ग्रॅम, म्हणजे तीन तोळेच.

पण हार मानतील तर त्या बाई कसल्या? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी आत्याला दोन्ही बांगड्यांसह प्रयोगशाळेत आणलं. आत्या कुरकुरली, तर म्हणाल्या, मी कुठे सोनार आहे?

तोटीचं भांडं काठोकाठ भरून तोटीखाली त्यांनी बारीक मोजनळी धरली. साधी बांगडी दोऱ्यानं पाण्यात सोडली. नळीत दोन मिलिलिटर पाणी सांडलं. भांडं पुन्हा भरून फुगलेली सोडली. चार, आणि वर थोडं.

"बघ, दुप्पट झालं की नाही," आत्या खुशीत म्हणाली.

"जागा दुप्पट, वजन तेवढंच. म्हणजे धातू निम्म्याहून हलका. सोनं इतकं हलकं नसतं आत्या, पितळ असतं. पितळेत पस्तीस ग्रॅम भरायचे तर बांगडी जाडच करावी लागते. ती जाडी त्यानं पुण्याच्या नावावर खपवली."

आत्यानं स्वतःच्या हातानं तीनदा मोजून पाहिलं. पाणी काही तिच्या भक्तीला बधलं नाही. "तुझ्या आईची बांगडी मी माझ्या हातानं दिली गं," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून रडली. बाईंनाही रडू आवरेना.

संध्याकाळी आत्या सभागृहात पोचली, पिशवीत शाळेची करवत घेऊन. तिनं पाण्याचा हिशोब मांडला, तसे बाबा म्हणाले, पुण्यानं बांगडी आतून पोकळ होते, म्हणून फुगते. आत्या म्हणाली, कापून बघू. भर रांगेसमोर तिनं ती कापली. वर सोन्याचा पातळ मुलामा, आत भरीव पितळ. तेवढ्यात बाबा मागच्या दारानं पसार व्हायला निघाले, पण बायकांनी त्यांना पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. पडद्यामागे साचे सापडले, पितळेच्या कांबी सापडल्या आणि वितळवलेल्या सोन्याचा गोळा. आईची बांगडी त्यातच कुठेतरी गेली होती.

उरलेली एक बाईंच्या हातात असते. कापलेली प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेली आहे. दरवर्षी घनतेचा धडा आला की आत्या येते, स्वतः ती पाण्यात सोडते आणि मुलांना सांगते, "हात जोडायचे तर जोडा. पण आधी मोजा. मी मोजलं नव्हतं."