रंगाचे दोन हात

"नाव घ्या हो, रघुजीराव! घेतल्याशिवाय सोडायच्या नाही आम्ही!"

बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या मांडवातला तो बायकांचा गलका सगुणाबाईंच्या कानांत अजून ताजा होता. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. त्यांनी स्वतः खणखणीत उखाणा घेतला होता. मग नवरदेवाची पाळी आली, आणि तो मुंडावळ्या सावरत उठला. "ट्रॅक्टर चालूच ठेवलाय. बंद पडला तर वरात इथंच राहील," म्हणाला आणि जो पळाला, तो उखाण्याला आजवर सापडला नव्हता.

वरात त्याच ट्रॅक्टरवरून बोम्मसंद्र्याला आली होती. आता भोवती कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, मधे दीड एकर शेवंती उरली, आणि फणसाखाली तो ट्रॅक्टर. दसऱ्याच्या आयुधपूजेला लालभडक रंगवलेला, कोहळा फोडून ओवाळलेला, आणि दुसऱ्याच दिवसापासून मुका. किल्ली फिरवली की पोटातून एकच आवाज, टक. पुढं काही नाही.

आज चार वाजता भंगारवाला यायचा होता. मुलगा अभिराज सकाळीच सांगून गेला होता, "आई, चारच्या आत सुरू झाला तर राहू दे. नाहीतर मी शब्द दिलाय त्याला." त्यानं सहज म्हटलं. पण ज्या मडगार्डवर बसून सगुणाबाई या घरी आल्या, ते मडगार्ड तराजूवर चढायचं होतं. भाकरी थापताना त्यांचा हात दोनदा थांबला.

तीन वाजले तेव्हा दयानंद मेकॅनिक स्टार्टर परत बसवून कपाळाचा घाम पुसत होता.

"अक्का, राजाजीनगरला नेऊन टेबलावर लावला. काय फिरला म्हणता! भिंगरी!"

"मग इथं का रुसलाय?"

"बॅटरीचं म्हणावं तर तीही बदलून बघितली. दिवा छान लागतो, पण किल्ली फिरवली की तोंड पाडतो. स्वल्प टाइम द्या."

"टाइम चारपर्यंतच आहे रे बाबा."

रघुजी सीटवर बसले होते, राजानं सिंहासन सोडू नये तसे. त्यांनी न्यूट्रल तपासून किल्ली फिरवली. टक.

"म्हातारा झालाय," ते हळूच म्हणाले.

"कोण? ट्रॅक्टर का?" सगुणाबाईंनी विचारलं. दयानंदनं तोंड फिरवून हसू गिळलं.

सगुणाबाई ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आल्या, सवाष्ण वडाला मारते तशी. स्टार्टर बाहेर फिरतो, इथं फिरत नाही. बॅटरी नवी, तरी तेच. म्हणजे दुखणं त्याचं नाही, घरचं आहे. माहेरी हसणारी पोर सासरी गप्प झाली, तर वैद्य पोरीला कशाला? सासरच बघावं.

बॅटरीपासून एक जाड पट्टी खाली येऊन गिअरपेटीला बोल्टनं आवळलेली होती. पट्टीच्या खाली रंग. बोल्टच्या खाली रंग. तुळतुळीत, लाल, कुंकवासारखा.

"अहो, रंगवताना हा बोल्ट काढला होता का?"

"म्हणजे काय! सगळे काढले. एक कोपरा कोरा राहू दिला नाही. दोन हात मारले." रघुजींची छाती फुगली. "पूजेला अर्धवट अंगानं उभा करायचा का?"

"ह्या पट्टीखालीसुद्धा दोन हात?"

"तिथं तीन. तिथं गंज होता."

दयानंद खाली वाकला, पट्टी बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो, अण्णा! ही अर्थिंगची पट्टी! लोखंडाला लोखंड लागायला हवं. दिव्यापुरता करंट जातो कसाबसा, स्टार्टरला ढीगभर लागतो. तुम्ही मधे रंगाचा पडदा लावलात. आणि मी आठ दिवस..."

"तू आठ दिवस स्टार्टरला फिरायला नेलंस," सगुणाबाई म्हणाल्या. "बेंगळूर दाखवलंस गरिबाला."

दयानंदनं एक जाड केबल आणली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनावरचा रंग खरवडून तिथल्या लोखंडाला. "हूं, अण्णा, फिरवा."

टक नाही. घुर्र झालं, खोकला आला, धूर आला, आणि फणसाची पानं थरथरली. सगुणाबाईंनी मडगार्डवर हात ठेवला. ते आतून थरारत होतं, त्या दिवसासारखंच.

दयानंदनं अभिराजला फोन लावला. "भंगारवाल्याला सांगा, येऊ नको. सरी, सरी, ठीक आहे, मीच ऐकवतो आवाज." मग ट्रॅक्टर बंद करून पॉलिश पेपरनं पट्टीखालची जागा घासली. लोखंड चांदीसारखं उघडं पडलं, तसा बोल्ट आवळला. रघुजींनी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू!

रघुजी मिशीत हसत होते. सगुणाबाईंनी हात लांब करून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि कनवटीला खोचली.

"अगं, हे काय?"

"आता बंद पडायची भीती नाही. पळायला निमित्तही नाही. नाव घ्या."

"ह्या वयात? दयानंद आहे समोर!"

"मांडवात दीडशे होते. आज एकच आहे. सोपं केलंय."

दयानंद पाना पुसायच्या नावाखाली तिथंच रेंगाळला. रघुजींनी खाली बघितलं, वर बघितलं, बोटाला लागलेला लाल रंग अंगठ्यानं खरवडला. कान रंगापेक्षा लाल झाले होते. मग घसा खाकरून, मडगार्डकडे बघत म्हणाले,

"रंगाचे दोन हात दिले, गाडी झाली मुकी,
सगुणाचं नाव घेतलं नाही, हीच माझी चुकी."