डब्यातली निळी बटणं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाला पोचा आलाय, अंगावरचा रंग उडालाय. तरी या घरातल्या माणसांचा माझ्यावर फार जीव आहे. तो कसा जडला, ते ऐका.

कारखान्यात मला घडवलं ते दुधाच्या पावडरीसाठी. पावडर संपली, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला घासूनपुसून उंच फळीवर ठेवलं. "हा चिमणीच्या नर्सिंगच्या फीसाठी," ती म्हणाली. चिमणी म्हणजे तिची लेक. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी माझ्या पत्र्याचं सोनं झालं.

नियम असा होता: दर शनिवारी प्रत्येकाने माझ्यात नोट टाकायची. अडचणीला कोणी एखादी काढलीच, तर तिच्या जागी बटण टाकायचं, म्हणजे परत भरायची आठवण राहील. बाबांची बटणं काळी, आत्याची लाल, चिमणीची पांढरी, आईची निळी. शिवणारीच्या घरात बटणांना काय तोटा!

नियम सगळ्यांनी पाळला, पण अर्धाच. मला कोणी खाली उतरवत नसे. टाचा उंच करायच्या, हात घालून नोट ओढायची, बटण सोडायचं आणि चालू लागायचं. बाबा जाता-येता मला हलवून बघत. मी खळखळलो की म्हणत, "भरत आला गं!" मित्रांनो, माणसाच्या पोटातलं देवाला कळतं, माझ्या पोटातलं मला कळत होतं. पण डब्याला तोंड दिलं तरी वाचा कुठे दिलीय?

फी भरायच्या आदल्या दिवशी मला टेबलावर उपडं केलं. बटणांचा सडा पडला. नोटा मोजायला एका हाताची बोटं पुरली.

"दादा, मित्रांना पाजलेला चहा बघ किती काळा निघाला!" आत्या म्हणाली.

"आणि तुझ्या नव्या चपला लाल!" बाबा म्हणाले.

चिमणी रंग वेगळे करत राहिली. सगळ्यात मोठा ढीग निळा झाला.

"अगं बाई, म्हणजे मीच की!" आईने तो ढीग स्वतःकडे ओढला. शिलाईचे पैसे मागायला तिला भारी संकोच. गिऱ्हाईक "देते नंतर" म्हणालं, की दोऱ्याला, अस्तराला ती माझ्यात हात घाली.

त्या वर्षीचा प्रवेश हुकला. चिमणी औषधांच्या दुकानात कामाला लागली. आईने बटणं पुन्हा माझ्यात भरली आणि मला जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. "आता रडायचं नाही. एक नोट आत, तेव्हाच एक बटण बाहेर. पुढच्या वर्षी यात बटण दिसता कामा नये."

बाबा घरून चहाचा थर्मास नेऊ लागले. आत्याने चपला तीनदा शिवून घेतल्या. "माझ्याहून म्हाताऱ्या झाल्या गं या!" म्हणायची आणि हसत घालायची. दर शनिवारी माझं झाकण सगळ्यांसमोर उघडे. काळी बटणं संपली, लाल संपली, पांढरी संपली. पुन्हा फी भरायचा दिवस उद्यावर आला आणि एकच निळं बटण उरलं.

"वहिनी, मी घालते ना नोट," आत्या पर्स उघडत म्हणाली.

"नको. माझं बटण मीच काढणार."

आईने मला काखोटीला मारलं आणि थेट एका डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिली. तिच्या काळजाची धडधड माझ्या पत्र्याला लागत होती.

"बाई, तीन महिने झाले. शिलाई आज हवीय मला."

"अगं, मग आधी नाही का मागायचीस? मला वाटलं, तुला घाई नाही!"

तिथेच उंबऱ्यावर नोट आत पडली आणि बटण बाहेर आलं. आईने ते चिमणीच्या पांढऱ्या गणवेशाच्या खिशाला आतून शिवलं आहे.

आता मी पुन्हा भरतो आहे, आईच्या मशीनला मोटर बसवण्यासाठी. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला उंचावर बसवून लांबून नमस्कार करू नका. आठवड्यातून एकदा खाली घ्या, सगळे मिळून भोवती बसा. आणि कृपा करा, नुसतं हलवून पाहू नका. उघडून पाहा.