चाळीस फेऱ्या

ऑफिसात त्याला सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सरकारी मदतीचे अर्ज आले की जागेवर जायचं, डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि लिहिलेलं खरं की थाप ते ठरवायचं, हे त्याचं काम. वीस वर्षं त्याने ते इमानेइतबारे केलं. मग साथ आली, सगळीकडे कुलपं लागली आणि सरकारने घाईघाईत एक योजना काढली. बंद पडलेले खेळ, जुन्या वास्तू आणि बसलेले धंदे, तिन्हींना एकाच फॉर्मवर मदत. तीन चौकोन छापलेले, लागू असेल त्यात खूण करा. आता इतका सोपा फॉर्म काढल्यावर चोर काय घरी बसणार होते?

पहिल्याच महिन्यात भिंग फसला. प्रवासाला बंदी होती, म्हणून फोटो बघून त्याने एक टेबल टेनिस क्लब पास केला. फोटो निघाले दुसऱ्याच कुठल्या शाळेचे, आणि क्लबच्या पत्त्यावर गाद्यांचं गोदाम. मोठ्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला, वर दार लावून घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर निवृत्तीच्या तोंडावर घरी बसावं लागेल. निवृत्तीला तीनच वर्षं उरलेली. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली.

तेव्हापासून त्याचा कोणावरच विश्वास राहिला नाही. त्यात सगळ्यांच्या तोंडावर मास्क. नुसत्या डोळ्यांवरून माणूस खरं बोलतोय की गंडवतोय ते कसं ओळखायचं? घरीही तो दुधाची पिशवी हातात घेऊन वजन अजमावायला लागला. बायको म्हणायची, अहो, मला शिंक आली तरी तुम्ही डॉक्टरांचा दाखला मागाल. तो हसायचा नाही.

लाकडी ट्रॅकचा अर्ज त्याच्या टेबलावर आला तो अशा दिवसांत. सायकलींच्या शर्यतींसाठी नव्वद वर्षांपूर्वी बांधलेला, छपराखालचा ट्रॅक. लांब, अरुंद फळ्या ठोकून केलेली गोल वाट, वळणावर भिंतीसारखी चढलेली. क्लबचे अध्यक्ष दूर मुलीकडे अडकून पडलेले, म्हणून अर्ज भरला होता तिथल्या मिस्त्रीने. हा मिस्त्री पस्तीस वर्षं ट्रॅकची देखभाल करत होता आणि ट्रॅकच्या आवारातल्याच एका खोलीत एकटा राहत होता. तिन्ही चौकोनांत खूण. वास्तू पूर्णपणे बंद होती का, याच्यापुढे ठळक अक्षरांत 'हो'. आणि मागणी काय, तर खिळे, तेल आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या.

एवढंच? भिंगाच्या मनात लगेच पाल चुकचुकली. लोक छप्पर मागत होते, लिफ्ट मागत होते, एकाने तर बक्षिसं ठेवायला काचेचं कपाट मागितलं होतं. आणि हा गडी खिळे मागतोय? इतकं कमी मागणारा माणूस नक्की काहीतरी झाकत असणार, असं त्याने ठरवूनच टाकलं. प्रवासाचा पास काढला आणि न कळवता जाऊन थडकला.

मिस्त्रीने दार उघडलं. सडपातळ, पासष्टी ओलांडलेला, हातावर खडूची पांढरी भुकटी. आत गेल्या गेल्या भिंग दचकलाच. तेरा महिने बंद असलेली जागा म्हणजे जळमटं हवीत, कुबट वास हवा. इथे खिडक्या सताड उघड्या, फळ्या अशा लखलखीत की चेहरा दिसावा. फळ्यांवर टायरचे काळे ओरखडे, ताजे. ठिकठिकाणी खडूच्या खुणा. कोपऱ्यात एक सायकल, तिची चाकं टणक. दांडीवर ओला टॉवेल.

भिंगाला मनातून उकळ्या फुटल्या. पकडला! चोरून ट्रॅक चालू ठेवायचा, हौशी मंडळींकडून पैसे उकळायचे आणि वर सरकारकडूनही मदत घ्यायची. त्याने सगळ्याचे फोटो काढले, टॉवेलचासुद्धा. मग शांतपणे विचारलं की इथे येतं कोण.

कोणीच येत नाही, मिस्त्री म्हणाला.

"मग हे टायरचे डाग?"

"माझेच आहेत. चाक फिरलं की फळी बोलते, साहेब. सैल झाली असली की टक् करते. तिथं खडूने खूण करायची आणि फेऱ्या संपल्या की हातोडी घेऊन बसायचं. रोज चाळीस फेऱ्या. माझ्या उस्तादांनी लावून दिलेलं आहे."

तो पुढे बरंच सांगत राहिला. खिडक्या सकाळी उघडाव्या लागतात, ऊन उतरायच्या आत लावाव्या लागतात, नाहीतर लाकूड ओल धरतं. एक फळी उचलली गेली की शेजारचीला घेऊन उठते, मग सगळी ओळच. नुसतं बघून काही कळत नाही, कानानेच कळतं. पाहिजे तर आत्ता फिरून दाखवतो, म्हणाला, आणि सायकलकडे वळलासुद्धा.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, मग भिंगाला राग आला तरी येवो. त्या क्षणी त्याला वाटलं होतं की हा माणूस खरं बोलतोय. त्या वयाच्या माणसाने ज्या सहजतेने सायकलची दांडी धरली, त्यात नाटक नव्हतं. पण लगेच त्याला मोठ्या साहेबांचं बंद दार आठवलं. उद्या कोणी विचारलं, बंद जागेत टायरचे डाग कसे, तर काय सांगायचं? म्हातारा चाळीस फेऱ्या मारत होता म्हणून? ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली असती.

म्हणून त्याने मिस्त्रीला थांबवलं आणि नियम सांगितला. सायकल फिरली म्हणजे वास्तू वापरात होती, मग फिरवणारा एक असो की शंभर. अर्ज इथेच फेटाळता येईल. पण आपण माणुसकी ठेवतो, असंही म्हणाला बरं का. साठ दिवस ट्रॅकला सील लावू. साठ दिवसांनी सील शाबूत दिसलं तर जागा खरोखर बंद होती असं धरून अर्ज पुढे नेऊ. स्वतःची ही युक्ती त्याला फार आवडली. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही, असा त्याचा हिशोब.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. साठ दिवस? आणि तेही या दमट महिन्यांत? तो विनवायला लागला. रोज एक तास उघडा, तुम्ही स्वतः खुर्ची टाकून बसा, तुमचा माणूस बसवा. फेऱ्या नको तर राहू द्या, निदान खिडक्या तरी उघडू द्या. भिंगाने मान हलवली. जितकी विनवणी जास्त तितकं पाणी मुरतंय, हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता. खिडक्या आतून लावल्या, दाराला कुलूप घातलं, त्यावर कागद चिकटवून सही केली, शिक्का मारला. मिस्त्री बाजूला उभा राहून बघत होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला. दाराला कान लावला तर आतून कडकड ऐकू येते, म्हणाला. भिंगाने कळवतो म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. पाचव्या आठवड्यात तर अध्यक्षांनीही मुलीच्या घरून फोन केला, त्यांचा आवाज खोकल्याने पिचलेला. भिंगाला वाटलं, दबाव आणतायत लेकाचे. त्याने प्रत्येक फोनची तारीख वहीत टिपली, पण सील काढायला काही गेला नाही.

एका रविवारी मात्र त्याला राहवलं नाही. बायकोला औषधं आणतो असं सांगून तो स्कूटरवरून ट्रॅकवर गेला. मागचं दार असेल, एखादी खिडकी निसटती असेल, माणूस शेवटी चलाख असतो. इमारतीला त्याने चक्कर मारली, प्रत्येक खिडकी ढकलून पाहिली. सगळं बंद. पुढे आला तर मिस्त्री पायरीवर बसलेला, डोकं दाराला टेकवून, डोळे मिटून. भिंगाला वाटलं, झोपलाय. पण मिस्त्री हळूच म्हणाला, "उत्तरेचं वळण गेलं," आणि डोळे उघडून समोर तपासनीस दिसल्यावर ओशाळला. त्याने उठून नमस्कार केला. भिंगाने सील तपासलं, शाबूत आहे म्हणाला आणि निघाला. औषधं आणायला विसरला. घरी बायकोने विचारलं की काय झालंय तुम्हाला, तर तिच्यावरच खेकसला.

साठ दिवस झाले. भिंगाने सील फाडलं, कुलूप काढलं. दार ढकललं तर अर्ध्यावर अडलं, खांदा लावावा लागला. आत कुबट वास भरलेला. मिस्त्रीने खिडक्या उघडल्या आणि उजेड पडला तसं सगळं दिसलं. फळ्या ओळीच्या ओळी उचकटलेल्या, टोकं वर आलेली. खिळे अर्धे बाहेर, गंजलेले. उत्तरेचं वळण तर जागा सोडून खाली घसरलं होतं, आणि खालचा काळाकुट्ट सांगाडा उघडा पडला होता.

तुम्हाला वाटेल, आता तरी भिंगाला काही वाटलं असेल. छे! त्याने खिशातून बॅटरी काढली आणि फळ्यांच्या कडा तपासायला बसला. पहारीचे व्रण असतील, मुद्दाम उचकटल्या असतील, जास्त मदत मिळावी म्हणून. गुडघ्यांवर सरकत सरकत त्याने एकेक ओळ पाहिली. अर्धा तास गेला. एकही व्रण नाही. आणि व्रण असणार तरी कसा? दार बंद होतं, आणि ते बंद होतं याचा पुरावा त्याच्याच सहीचा, त्याच्याच शिक्क्याचा होता. तिथे, त्या ओल्या लाकडावर गुडघे टेकलेले असताना, त्याला पहिल्यांदा लाज वाटली. कोणीतरी अंगावरचे कपडे काढून घ्यावेत तशी लाज.

मिस्त्री वळणाशी उभा होता. एक फळी हातात घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवत होता. हे लाकूड आता मिळत नाही, एवढंच म्हणाला. जुनी झाडंच राहिली नाहीत. दुसरं लावता येईल, पण त्यावर चाकाचा आवाज वेगळा येतो, आणि तो आवाज शिकायला वर्षं लागतात. आपल्याकडे तितकी नाहीत.

भिंग खिडकीशी गेला, फॉर्म काढला. खेळ, बंद होता, खात्रीने. वास्तू, नुकसान झालेली, डोळ्यांदेखत. धंदा, बसलेला. वीस वर्षांत त्याच्या हातून इतका निर्दोष अर्ज गेला नव्हता. मोठे साहेब पाठ थोपटतील. सगळं भरून झालं आणि एक ओळ उरली, नुकसानीचं कारण. खरं कारण लिहिलं तर खापर त्याच्या डोक्यावर फुटणार होतं, पेन्शन हातचं जाणार होतं. त्याने मिस्त्रीकडे पाठ केली आणि लिहिलं: देखभाल करणाऱ्याकडून पुरेशी काळजी घेतली गेली नाही.

अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. यायला नको होतं.

मग त्याने फॉर्म मिस्त्रीपुढे धरला आणि सहीची जागा दाखवली. मिस्त्रीने हात पँटला पुसले, पेन घेतलं. पण सही करण्याआधी थांबला.

"साहेब, एक विचारू? त्या पहिल्या दिवशी तुम्हाला वाटलं होतं का, की मी खोटं बोलतोय?"

भिंगाला हो म्हणता आलं असतं. कोणीही मानलं असतं, त्याचं कामच होतं ते.

"नाही," तो म्हणाला. "खरं बोलताय असंच वाटलं होतं."

मिस्त्रीने मान डोलावली, जणू एवढंच त्याला हवं होतं. त्याने कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पेन टेकवलं.

"वाचून घ्या आधी," भिंग म्हणाला.

"तुम्हीच लिहिलंय ना," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने सही केली.