सतरा नंबरचा शिक्का

रुहीने बायोटेकमधली चांगली नोकरी सोडली, तेव्हा तिच्या बापाने, प्रल्हादने, आठवडाभर घरात कोणाशी धड बोलणं टाकलं. पुढची नोकरी काय, तर डोंगरात जाऊन बर्फ कधी कोसळेल याचा अंदाज घेणाऱ्या लोकांच्या टोळीत. तीही पक्की नाही. सोमवारी सकाळी सहाला स्वतःच्या स्की घेऊन हजर व्हायचं, दिवसभर त्यांच्याबरोबर चढायचं-उतरायचं, आणि जमलं तर ठेवून घेणार. अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या मराठी मंडळींत कोणी विचारलं, की प्रल्हाद सांगायचा, "रुही सध्या ब्रेक घेतेय." जणू काही पोरगी चहा प्यायला उठली होती.

शनिवारी दुपारी त्या स्की गॅरेजमधल्या टेबलावर आडव्या पडल्या होत्या. स्की नव्या होत्या, पण त्यांच्यावर बूट धरून ठेवणारी बाइंडिंग जुनी, एका मैत्रिणीने दिलेली. चढताना टाच सुटी राहते आणि उतरताना पक्की बसते, अशा जातीची. दुकानवाल्याने ती बसवून द्यायला दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. म्हणून रुहीने ठरवलं, आपणच भोकं पाडायची. भोकं कुठे पाडायची याचा कागदी नकाशा बाइंडिंगच्या कंपनीने वेबसाइटवर ठेवला होता. प्रिंटर प्रल्हादच्या खोलीत, म्हणून त्याने तो छापून दिला, तोंड वाकडं करून का होईना. रुहीने तो स्कीवर चिकटवला आणि मापाचं ड्रिल बिट आणायला मित्राकडे निघून गेली.

रुहीची आई सुहासिनी कपडे धुवायला टाकायला म्हणून गॅरेजमध्ये आली होती. कागद बघून थांबली.

आता सुहासिनीबद्दल सांगायला हवं, कारण या घरात ते कोणी सांगत नसे. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली बाई होती. वर्गात पन्नास मुलगे आणि दोन मुली. भोसरीच्या एका कारखान्यात तिने आठ वर्षं इन्स्पेक्शनला काढली. तयार झालेला प्रत्येक जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, तिच्या टेबलावर यायचा, ती मोजायची, आणि बरोबर असेल तरच त्यावर आपला शिक्का ठोकायची. छोटासा पोलादी पंच, त्यावर आकडा सतरा. पुढे कुठे काही बिघडलं तर आकडा बघून माणूस शोधला जायचा. एकदा साहेबाने दोन हजार बुश, म्हणजे यंत्रात बसायच्या धातूच्या नळ्या, डोळे मिटून पास कर म्हणून सांगितलं. तिने केले नाहीत. त्यापायी सहा महिने तिला रात्रपाळीच्या बसचा पास मिळाला नाही, पण सतरा नंबर त्या मालावर उमटला नाही तो नाहीच. मग प्रल्हादला व्हिसा मिळाला. पंच फोरमनच्या हातात परत देऊन ती अमेरिकेत आली. ज्या व्हिसावर ती आली त्यावर नोकरी करता येत नव्हती, आणि जेव्हा करता येऊ लागली तेव्हा प्रल्हाद म्हणाला, "आता कशाला?" त्यालाही पंधरा वर्षं झाली.

तिचा व्हर्निअर, मिलिमीटरपेक्षाही बारीक मोजणारी जबड्यांची पट्टी, मात्र तिने आणला होता. शिवणाच्या डब्यात, बॉबिनच्या खाली. ती आत जाऊन तो घेऊन आली.

कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, शंभर मिलिमीटर. सुहासिनीने व्हर्निअरचे जबडे रेघेच्या दोन टोकांना लावले. चौऱ्याण्णव. तिने चष्मा पुसून पुन्हा लावले. चौऱ्याण्णवच. तिला क्षणात कळलं. युरोपातल्या कंपनीने नकाशा एफोर कागदासाठी काढलेला, आणि अमेरिकेतला कागद उंचीला आखूड. प्रिंटरने शहाणपणा करून सगळं चित्र बसेल इतकं लहान केलं. इथे जन्मलेल्या रुहीने एफोर कागद उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. तिला काय ठाऊक?

प्रल्हाद कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता.

"अहो, हे छोटं छापलं गेलंय. या खुणांवर भोकं पाडली तर स्क्रू बसणारच नाहीत."

प्रल्हाद जवळ आला. त्याने रेघ पाहिली, व्हर्निअर पाहिला. मग मागे उघड्या गॅरेजबाहेर पडणाऱ्या पावसाकडे बघत हळूच म्हणाला, "मग असू दे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काही बोलू नकोस. भोकं चुकतील, स्की वाया जाईल, सोमवार निघून जाईल. नव्या स्की येईपर्यंत तिचं डोकं थंड होईल. सुहास, तिथे दर वर्षी माणसं गाडली जातात. मी वाचतो ना! तुला पाहिजे का ती तिथे?"

नको होती. खरं सांगायचं तर सुहासिनीलाही ती तिथे नको होती. गेले दहा दिवस जेवताना रुही बर्फाच्या थरांबद्दल उत्साहाने बोलायला लागली, की ती उगाच पाणी आणायला उठायची. नुसतं गप्प बसायचं होतं. कोणी तिला कधी विचारलंही नसतं.

"आणि भोकं थोडीशीच चुकली, आणि तिने स्क्रू ठोकून-ठाकून बसवले तर?" ती म्हणाली. "आणि तिकडे उतारावर ते उपटून आले तर?"

"नाही बसवणार. एवढी वेडी नाही ती."

"तुमचीच मुलगी आहे. बसवेल."

"सुहास, मी सांगतोय ना. या वेळी माझं ऐक."

"सव्वीस वर्षं ऐकलं," सुहासिनी म्हणाली, आणि तिने स्कीवरचा कागद टरकन फाडून काढला. "चुकीचा माल मी गप्प बसून पुढे सोडत नाही. तिला जाऊ नको म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हणा. मीही म्हणेन. पण हे नाही करायचं."

प्रल्हाद काही बोलायच्या आत ती वरच्या खोलीत गेली. त्याचा प्रिंटर तिने पहिल्यांदाच स्वतः चालू केला, चित्र लहान करणारं बटण बंद केलं आणि नकाशा पुन्हा छापला. खालचा कंपनीचा पत्ता तेवढा कापला गेला. पत्त्यावाचून कोणाचं काही अडत नव्हतं. रेघ मोजली, शंभर. एवढ्यावर विश्वास ठेवायची तिची सवय नव्हती, म्हणून तिने बाइंडिंगच्या भोकांमधलं अंतरही मोजून कागदाशी जुळवलं.

रुही आली तेव्हा आई स्कीची रुंदी चार ठिकाणी मोजून मधोमध रेघ आखत होती.

"आई? व्हॉट आर यू डुइंग?"

"आधीचा कागद छोटा छापला होता. हा बरोबर आहे. ते बिट दाखव."

रुहीने बिट दिलं. आईने तेही मोजलं. मग टोकापासून नऊ मिलिमीटरवर त्याला चिकटपट्टीचा झेंडा गुंडाळला. "झेंडा स्कीला टेकला की थांबायचं. पुढे गेलं तर भोक स्कीच्या पोटातून बाहेर येईल."

"हे तुला कसं माहीत?"

"माझं कामच होतं ते."

रुही म्हणाली, "तू तर म्हणायचीस ऑफिसमध्ये होतीस."

असं सुहासिनी कधीच म्हणाली नव्हती. तसं प्रल्हाद सांगायचा. पण आत्ता त्यात शिरायला तिला वेळ नव्हता. तिने सेंटर पंचने आठ खुणा ठोकल्या आणि ड्रिल हातात घेतलं. पहिल्या खुणेवर तिने ते टेकवलं. तिने ड्रिल उचललं, हात साडीला पुसावा तसा ट्रॅकपँटला पुसला आणि पुन्हा टेकवलं. आधी प्लॅस्टिकचा काळा चुरा आला, मग लाकडाचा पांढरा. झेंडा टेकला. दुसरं भोक सरळ गेलं, तिसरं त्याहून सरळ, आणि आठव्यापर्यंत ती चक्क गुणगुणत होती.

भोकांत गोंद घालून दोघींनी स्क्रू पिळले. रुहीने बूट आणला, पुढचा भाग अडकवला आणि टाच दाबली. खट्. टाच बरोबर रेघेवर बसली होती, केसाचाही फरक नव्हता. रुहीने आईच्या गळ्यात हात टाकले आणि वेड्यासारखी हसली.

"झालं समाधान?" प्रल्हाद बाहेरच्या बाजूने येऊन गॅरेजच्या तोंडाशी उभा राहिला होता. त्याचा आवाज चिडका होता, पण डोळे घाबरलेले होते. "उद्या डोंगरात तिला काही झालं तर जबाबदार कोण? सांग ना. कोण?"

रुही उसळून काही बोलणार होती. सुहासिनीने तिचा हात दाबला. टेबलावरची, मघाशी रेघ आखलेली टोकदार सुई उचलली, बाइंडिंगच्या टाचेशी स्कीवर वाकली आणि हळूहळू, नीट दाबून, दोन आकडे कोरले. फुंकर मारून चुरा उडवला.

रुहीने वाकून वाचलं. "सेव्हन्टीन? म्हणजे काय?"

"म्हणजे मी," सुहासिनी म्हणाली, मुलीकडे न बघता, नवऱ्याकडे बघून. "हे काम मी केलंय. भोकाचं काही चुकलं तर मला विचारा. बाकीचं डोंगराला माहीत, आणि तिला."

प्रल्हादने पुढे होऊन, वाकून तो आकडा वाचला. हा आकडा त्याने लग्नाआधी एकदा पाहिला होता, कारखान्याच्या फाटकाशी तिची वाट बघताना, तिच्या खिशाला लावलेल्या बिल्ल्यावर.

"रुही, दुसरी स्की पुढे घे," सुहासिनी म्हणाली. "आणि अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."