भिंगरीची गोगलगाय आणि मी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक लोखंडी जिना चढा. पावलागणिक तो टणटण वाजेल, तिकडे लक्ष देऊ नका. खाली कपडे इस्त्री करण्याचे दुकान आहे, म्हणून वरच्या खोलीपर्यंत गरम वाफेचा वास येतो. खोलीत पाच टेबले आहेत. चारांवर चकचकीत नवे संगणक. पाचवे टेबल दारामागे, आणि त्यावर मी.

मी एक जुना संगणक आहे. सुरू होताना मी एवढा घरघरतो की मुले ओरडतात, "म्हातारबुवांनी घसा साफ केला रे!"

माझी उमेदीची वर्षे एका छापखान्यात गेली. तिथे मी पुस्तकांची पाने जुळवली. मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापुढे आणून म्हणायचे, "हा आमचा उजवा हात." पुढे दुसरा उजवा हात आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. दोन वर्षे धूळ आणि एक मोडकी छत्री, एवढीच सोबत. मग एक दिवस ताई आली. तिने माझे झाकण उघडले आणि मऊ ब्रशने पंख्यातली धूळ काढली. मला हसता येत असते, तर मी तेव्हा खदखदून हसलो असतो.

ताई मुलांना संगणकावरचे खेळ बनवायला शिकवते. तिची एक रीत आहे: खेळ आधी फरशीवर, मग पडद्यावर. एका मुलाने संगणक व्हायचे, बाकीच्यांनी त्याला हुकूम द्यायचे. "पुढं चल." "उजवीकडं वळ." थांब म्हणायला कुणी विसरले, तर तो संगणक भिंतीला नाक लावून जागच्या जागी पावले टाकत राहायचा. हसता हसता मुलांना कळायचे की संगणकाला मनातले ओळखता येत नाही. सांगितले तेवढेच तो करतो.

भिंगरी या वर्गात उशिरा आली, म्हणून तिच्या वाट्याला मी आलो. एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते, त्यावरून तिचे हे नाव. पण पहिल्याच दिवशी ती ताईला हळूच म्हणाली, "मला आजोबांसाठी खेळ करायचाय. सोपा नको. पण त्यांना जमेल असा."

तिचे आजोबा घड्याळे दुरुस्त करायचे. आजारपणानंतर त्यांचे हात थरथरू लागले आणि त्यांनी दुकान बंद केले. आता ते चारचौघांत चहाचा कपसुद्धा उचलत नसत.

भिंगरीने एक गोगलगाय काढली. तिची चार चित्रे केली, एकापेक्षा दुसरे थोडे वेगळे. ती एकामागून एक भराभर दाखवली की गोगलगाय सरपटल्यासारखी दिसे. वाटेत वरून खडे पडायचे आणि ते चुकवत तिला बागेच्या पलीकडे न्यायचे. पहिल्यांदा चालवली तेव्हा गोगलगाय पुढे गेली आणि शंख मागेच राहिला.

"भाड्याच्या घरात राहत होती वाटतं!" ताई म्हणाली.

भिंगरीने शंख जोडला. मग दोन महिने ती चाल जुळवत बसली. जरा हळू, अजून जरा हळू, आता बरोबर. ती चाल तिने माझ्यावर जुळवली होती, मित्रांनो. गडबड तिथेच झाली.

घरच्यांना खेळ दाखवण्याचा दिवस आला. ताईने कौतुकाने भिंगरीचा खेळ खिडकीजवळच्या सर्वांत नव्या संगणकावर लावला. आजोबा खुर्चीत बसले. त्यांनी बटणावर बोट ठेवले मात्र, गोगलगाय बाणासारखी सुटली. खडे तर गारांसारखे कोसळले. पहिला डाव गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. आजोबांनी हात मांडीवर ओढून घेतले.

"नाही गं बाळा. हे हात आता कामातून गेले."

"हातांचं काही नाही चुकलं!" भिंगरी रडवेली झाली. "माझ्याकडं ती नीट चालत होती!"

ताईने कपाळाला हात लावला. "चूक माझी. इथं एकदा चालवून बघायला हवं होतं. तू सांगितलंयस, हुकूम वाचायच्या प्रत्येक फेरीला एक पाऊल टाक. आपले म्हातारबुवा सेकंदाला दहा फेऱ्या मारतात. हा साठ मारतो."

आजोबांनी मान वर केली. "म्हणजे ही घड्याळ न बघताच धावतेय होय? अगं, भिंतीवरचं असो की मनगटावरचं, दोघांचं मिनिट एकच हवं. नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात." मग त्यांनी भिंगरीला बोट दाखवून बजावले. "पण माझ्यासाठी म्हणून हळू करू नकोस हं. दया दाखवणारा खेळ मला नको."

खरे सांगू? मला वाटले होते, ती आजोबांना सरळ माझ्यापुढे आणून बसवेल. खेळ तिथे चालतच होता, आणि मग मला कुणी टाकूनही दिले नसते. पण भिंगरीने वही उघडली.

पुढचे चार वर्ग ती भिंगरीसारखी वागलीच नाही. तिने हुकूम बदलला: प्रत्येक फेरीला आधी घड्याळाला विचार, मागच्या फेरीपासून किती वेळ गेला; जेवढा वेळ, तेवढेच अंतर. मग आजोबांना बोलावून तिने दोन्ही संगणकांवर खेळ एकदमच सुरू केला. आजोबांनी खिशातले घड्याळ काढले.

"एकवीस सेकंद," ते नव्या संगणकाकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "इथंही एकवीस. हं. खरं काम केलंस."

मी गोगलगाय जरा अडखळत नेली, पण वेळेत नेली. आजोबा माझ्यापुढेच बसले. बोटे थरथरत होती, दोनदा खडा लागला. तिसऱ्या वेळी गोगलगाय बागेपलीकडे पोहोचली आणि खोलीतल्या सगळ्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

मित्रांनो, आता ताई प्रत्येक खेळ माझ्यावरही चालवून बघते. तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे यंत्र असेल. त्याच्या पंख्यातली धूळ अधूनमधून काढा. आणि कुणी हळू चालले, तर हसण्यापूर्वी आपणच मोजायला चुकलो नाही ना, एवढे बघा.

त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर भिंगरीने आजोबांना उठू दिले नाही. शेजारी स्टूल ओढून तिने तिथल्या तिथे दुसरी गोगलगाय केली, लाल रंगाची.

"आता माझ्याशी."

"तू मुद्दाम हरशील."

"बघाच."

दोघेही माझ्यावर ओणवे झाले. भिंगरीने एकही खडा अंगावर घेतला नाही, एकदाही आपली गोगलगाय मुद्दाम रेंगाळू दिली नाही, आणि बोटभर अंतराने आजोबांना हरवले.

"गोगलगाय अन् पोटात पाय!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. "चल, परत लाव."